शिडीखालचे हात

"आई, दोन अक्षरं आहेत गं! दोन! अख्खं बायबल उतरवून काढायचं नाहीये तुला."

लिनेटने कपाळावर हात मारून घेतला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मक्याचा पाव भाजायचा मोठा पत्र्याचा ट्रे उपडा घातला होता आणि ओझेलाबाई त्याच्यावर खडूने अक्षरं काढत होत्या. ओ आणि पी. ओझेला प्रुइट. काढायची, पुसायची, पुन्हा काढायची. सकाळपासून हेच चाललं होतं. ट्रे पांढराफटक पडला होता आणि बाईंच्या एप्रनवर, नाकावर, चष्म्याच्या काडीवर, जिथे तिथे खडूच खडू.

"हा ओ बघ, अंड्यासारखा होतोय," ओझेलाबाई म्हणाल्या.

"होऊ दे. आरमारवाले काय ऑम्लेट करणार आहेत त्याचं?"

"तुझं आपलं काहीतरीच. जहाज चाळीस वर्षं पाण्यात राहतं म्हणे. मी गेल्यावरसुद्धा माझं हे अंडं समुद्र फिरत राहायचं."

त्याचं असं होतं. गावाच्या पश्चिमेला, नदीच्या तोंडाशी गोदी आहे. तिथे नवी युद्धनौका बांधायला घेतली की आधी एक समारंभ होतो. जहाजाचा कणा म्हणून जे पोलाद बसवायचं, त्यातल्या एका पत्र्यावर जहाजाची मानकरीण आपल्या नावाची आद्याक्षरं खडूने लिहिते. वेल्डर ती तिथल्या तिथे ठिणग्या उडवत पोलादात गिरवतो आणि तो पत्रा जहाजाच्या पोटात कायमचा बसतो. मानकरीण म्हणजे आजवर कुणा सेनापतीची बायको, नाहीतर कुणा मंत्र्याची लेक. या खेपेला तो मान शाळेच्या जेवणघरात चौतीस वर्षं डाव फिरवलेल्या ओझेलाबाईंकडे आला होता, कारण जहाजाला नाव मिळणार होतं त्यांच्या वडिलांचं. यूएसएस क्लिओफस नेटल्स.

क्लिओफस नेटल्स दुसऱ्या महायुद्धात आरमारात होते, पण वाढपी म्हणून. त्या काळी काळ्या माणसाला आरमाराचं एकच दार उघडं होतं आणि ते स्वयंपाकघराचं होतं. गोऱ्या अधिकाऱ्यांची ताटं वाढा, बूट चमकवा, चादरी बदला, आणि लढाई सुरू झाली की धावत खाली उतरून तोफांना गोळे पुरवा. एका लढाईत जहाजाला पाणतीर लागला. खालच्या कप्प्यात धूर कोंडला आणि या वाढप्याने त्या धुरातून नऊ माणसं वर काढली. कप्तानाने मोठ्या पदकाची शिफारस केली. ती वरच्या कचेऱ्यांतून घरंगळत घरंगळत एका शाबासकीच्या पत्रावर येऊन थांबली. क्लिओफस मिसिसिपीला घरी परतले, याच गोदीत तीस वर्षं झाडू मारला आणि एके दिवशी शांतपणे वारले. त्यानंतरही तीस वर्षं गेली, तेव्हा कुठे एका इतिहासाच्या शिक्षकाला जुन्या दफ्तरात ती मूळ शिफारस सापडली.

आरमाराच्या कचेरीतून फोन आला त्या दिवशी ओझेलाबाई फोन घेऊन तशाच जमिनीवर बसल्या आणि पोटभर रडल्या. मग उठल्या आणि पीच फळांची मिठाई भाजून सगळ्या आळीला वाटली. पोस्टमनला दिली, चर्चच्या पाद्रीबुवांना दिली, ज्या शेजारणीशी तीन वर्षं अबोला होता तिलाही दिली. बाईंचा स्वभावच आभार मानायचा. बरणीचं झाकण पटकन उघडलं तर त्या बरणीचेसुद्धा आभार मानतील. आणि हे तर काय, वडिलांच्या नावाचं जहाज! ज्या गोदीत त्यांनी झाडू मारला तिथेच बांधलेलं, त्यांचं नाव पांढऱ्या अक्षरांत मागच्या बाजूला मिरवणारं. बाईंना हा आनंद कुठे ठेवू आणि कुठे नको असं झालं होतं.

मग समारंभाची पुस्तिका टपालाने आली आणि पहिल्याच पानावर बाई अडखळल्या. छापलं होतं, 'धुराने भरलेल्या कप्प्यातून नऊ सहकाऱ्यांना एकट्याने बाहेर काढणारे'.

एकट्याने.

बाईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. शब्द तोच होता.

*

नेटल्सांच्या घरी जेवणाआधीच्या प्रार्थनेला एक शेपूट होतं. "देवा, या अन्नाबद्दल तुझे आभार, ज्या हातांनी रांधलं त्या हातांचे आभार, आणि टिनोचे आभार. आमेन." लहानपणी ओझेलाला वाटायचं, टिनो हा कुणीतरी संत आहे. रविवारच्या शाळेत शिक्षिकेने विचारलं, "संतांची नावं सांगा," तर या पोरीने पीटर, पॉल आणि टिनो अशी तीन नावं ठणकावून सांगितली होती. वर्ग हसून लोटपोट झाला. घरी येऊन तिने वडिलांना जाब विचारला, तर ते एवढंच म्हणाले, "चूक नाही सांगितलंस, बाळ."

दर रविवारी क्लिओफस स्वतः कोंबडी करायचे. व्हिनेगर, लसूण, ठेचलेली काळी मिरी, सोया सॉस, दोन तमालपत्रं, आणि झाकण ठेवून मंद आंच. अख्ख्या किनाऱ्यावर तशी कोंबडी कुणाच्या घरी होत नसे. तिचं नावच टिनोची कोंबडी. ओझेलाबाई शाळेच्या जेवणघरात लागल्या तेव्हा वरच्या बाईंशी भांडून त्यांनी ती गुरुवारच्या जेवणात घुसवली. चौतीस वर्षांचे गुरुवार! गावातल्या निम्म्या माणसांची हाडं त्या आंबट कोंबडीवर पोसली आहेत म्हटलं तरी चालेल.

टिनो म्हणजे फाउस्तिनो बालूयोत. फिलिपिन्सचा. त्यालाही आरमाराने स्वयंपाकघराच्याच दाराने आत घेतलं होतं. दोघे एकाच जहाजावर, एकाच भटारखान्यात. टिनो खाली ताटं भरायचा, क्लिओफस ती शिडीवरून वर अधिकाऱ्यांच्या टेबलापर्यंत न्यायचे. "जा क्लिओ, पुढचं ताट तयार ठेवतो," हे टिनोचं ठरलेलं वाक्य. वरच्या साहेबांना टिनोचं तोंडसुद्धा ठाऊक नव्हतं. वाढणारा दिसतो, भरून देणारा दिसत नाही, हे जेवणघरात आयुष्य घालवलेल्या ओझेलाबाईंना कुणी शिकवायला नको होतं.

लढाईची गोष्ट वडिलांनी एकदाच सांगितली, तीही मरणाच्या आदल्या वर्षी, याच टेबलाशी लसूण सोलता सोलता.

"लोक म्हणतात, क्लिओफसनं नऊ जणांना वर आणलं. अगं, बेशुद्ध माणूस आपणहून पाठीवर चढून बसतो होय? हातच्या कांकणाला आरसा कशाला? मी शिडीवर उभा. खाली धुरात टिनो. एकेकाला उचलायचा, माझ्या खांद्यावर टाकायचा आणि म्हणायचा, 'जा क्लिओ, पुढचं ताट तयार ठेवतो.' त्या धुरात, बघ! खोकत खोकत. मी वर जायचो, माणूस ठेवायचो, परत यायचो, की पुढचा तयार. नऊ वेळा. चौथ्या खेपेला मी म्हटलं, आता तू वर जा, मी खाली थांबतो. तर म्हणाला, तू उंच आहेस, तुझे हात वरपर्यंत पोचतात, वेळ घालवू नकोस. नववा ठेवला आणि वळलो, तर शिडीच्या तोंडावरचं झाकण बंद. आग विझवायला खाली पाणी सोडायचा हुकूम झाला होता. मी ओरडलो, 'खाली टिनो आहे!' एका गोऱ्यानं मला ढकललं. म्हणाला, 'बाजूला हो, पोरा.' बावीस वर्षांचा होतो मी. पोरा म्हणे."

मग ते लसणीची सालं गोळा करून म्हणाले, "तो वर गेला असता तर तू झाली नसतीस, ओझेला. त्याच्या आईला अजून दर नाताळला पत्र टाकतो मी. सुरुवातीला परत यायची. आता परतही येत नाहीत."

*

"तर मग आता काय करायचं म्हणतेस?" लिनेटने विचारलं. तिने पुस्तिका उचलून तो शब्द वाचला होता आणि आईच्या चेहऱ्यावरून बाकीचं ओळखलं होतं.

"सांगायचं त्यांना. की एकट्यानं नव्हतं."

"आई!" लिनेट खुर्चीच्या कडेला सरकली. ती गावातल्या विमा कचेरीत दावे तपासायची. कागद एकदा उकरला की त्यातून काय काय निघतं, हे तिला पुरतं माहीत होतं. "पंच्याहत्तर वर्षांनी यांना आजोबा दिसले. पंच्याहत्तर! आता तू जाऊन म्हणणार, थांबा हं, तुमच्या कागदात चूक आहे. मग ते काय म्हणतील? बरं बाई, चूक आहे ना, मग सगळंच पुन्हा तपासू. साक्षीदार आणा. आहे कुणी जिवंत? जहाज दुसऱ्याच्या नावानं पाण्यात जाईल आणि आपण बसू टाळ्या वाजवत. दुधात मिठाचा खडा टाकू नकोस."

"पण लिनेट, पप्पांना हा शब्द सहन झाला असता का?"

"आजोबांना जहाज मिळतंय ना? ते बघ."

"ते जहाज टिनोच्या खांद्यावर उभं आहे गं."

"मग मनातल्या मनात आभार मान त्याचे. तुला काय, सवयच आहे."

हे लागलं बाईंना. लिनेटलाही कळलं असावं, कारण ती उठून उगीचच फ्रिज उघडून आत बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी लिनेट कामावर गेल्यावर ओझेलाबाईंनी आरमाराच्या लेफ्टनंट मर्सरला फोन लावला. समारंभाची सगळी व्यवस्था त्याच्याकडे होती. मोठा गोड माणूस. बाईंना फोनवर नेहमी "तुमची तब्येत कशी आहे" असं आधी विचारायचा.

त्याने सगळं ऐकून घेतलं. कागद चाळल्याचा आवाज आला.

"बाईसाहेब, त्या जहाजाच्या मृतांच्या यादीत बालूयोत आहेत. वाढपी. एकच ओळ आहे, नेमल्या जागी मृत्यू. बाकी काही नाही."

"नेमल्या जागी म्हणजे शिडीखाली. ते लिहिलंय का?"

"नाही."

"मग लिहाल का?"

"मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही. हे अधिकृतपणे आत घ्यायचं तर चौकशी उघडावी लागेल. आणि एकदा ती उघडली की तुमच्या वडिलांची हकीकतही पुन्हा तपासली जाते. काय ठरेल, किती वर्षं लागतील, सांगता येत नाही. वडीलधाऱ्या माणसाला सल्ला देणं शोभत नाही मला, पण… समारंभ आधी होऊन जाऊ दे."

"बरं," ओझेलाबाई म्हणाल्या. "तुमचे फार आभार."

फोन ठेवून त्या टेबलाशी बसल्या. लिनेटचं म्हणणं खरंच होतं. तोंड उघडलं तर जहाज हातचं जाईल, गप्प बसलं तर टिनो जाईल. आणि ज्यांनी एवढा मान दिला त्यांच्या तोंडावर तुमचं चुकलंय म्हणणं, हा कृतघ्नपणा नव्हे का? बाई आयुष्यात कधी कृतघ्न झाल्या नव्हत्या. आता ज्या बाजूला वळावं तिथे कुणाचे ना कुणाचे उपकार बुडत होते.

पुस्तिकेत त्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं. पत्रा गिरवून झाला की मानकरणीने म्हणायचं, 'या जहाजाचा कणा खरेपणाने आणि नीट बसला आहे, असं मी जाहीर करते.' शेकडो वर्षांची रीत. बाई ते वाक्य भांडी घासताना म्हणायच्या, केस विंचरताना म्हणायच्या. आणि दर वेळी 'खरेपणाने'पाशी जीभ अडायची.

"नीट पाठ होत नाही का गं?" लिनेटने विचारलं.

"पाठ तर झालंय," बाई म्हणाल्या.

*

समारंभाच्या सकाळी गोदीत बँड वाजत होता. पुढच्या रांगांत पांढऱ्या गणवेशातले अधिकारी, मधल्या रांगांत चर्चच्या बायका आपापल्या मोठमोठ्या टोप्या घालून, आणि मागे गोदीचे कामगार. उकाडा असा की टोप्यांची फुलंसुद्धा मान टाकतील. ओझेलाबाईंनी निळा पोशाख घातला होता आणि वडिलांचं शाबासकीचं पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं होतं. पर्स पहिल्या रांगेत लिनेटच्या मांडीवर होती.

एका अधिकाऱ्याने भाषण केलं. चांगलं केलं. म्हणाला, काही माणसांना आम्ही फार उशिरा पाहिलं, त्याची आम्हाला लाज वाटते. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. असं कुणी कधी म्हणेल हे वडिलांना स्वप्नातही वाटलं नसतं. पाठोपाठ त्याने ती हकीकत वाचली आणि 'एकट्याने' हा शब्द कर्ण्यांमधून साऱ्या गोदीभर गेला. ज्या जमिनीवर क्लिओफसने तीस वर्षं झाडू मारला त्या जमिनीवर तो पसरला. बाईंना वाटलं, आता पप्पा कुठल्यातरी खांबाआडून झाडू टाकून पुढे येतील आणि म्हणतील, अहो, बेशुद्ध माणूस आपणहून पाठीवर चढतो होय?

मग बाईंचं नाव पुकारलं गेलं. लेफ्टनंट मर्सरने हात देऊन त्यांना पत्र्यापाशी नेलं. कंबरेएवढ्या उंचीच्या लोखंडी घोडीवर तो ठेवला होता, नवा, काळसर, गार. बाजूला कातडी कोट घातलेली वेल्डर उभी होती, मुखवटा कपाळावर चढवलेला.

"मिस ओझेला," ती हळूच म्हणाली, "ओळखलंत का? रोशेल. मला दोनदा वाढायच्या तुम्ही, पाठमोऱ्या होऊन, म्हणजे कुणी बघू नये म्हणून."

"अगं, तू? काडीसारखी होतीस!"

"गुरुवार नसते तर काडीच राहिले असते."

लेफ्टनंटने खडू हातात दिला. समोरच्या मोठ्या पडद्यावर तो पत्रा आणि बाईंचा सुरकुतलेला हात दिसू लागला. बँड थांबला.

बाईंनी पत्र्यावर डावा तळवा टेकला. आणि त्यांनी सावकाश, एकेक रेघ ओढत, दोन अक्षरं लिहिली.

एफ. बी.

पडद्यावर ती हातभर मोठी उमटली. पहिल्या रांगेत लिनेट अर्धवट उठली आणि परत बसली. टोप्यांमध्ये कुजबुज झाली. लेफ्टनंट मर्सर झुकला, आणि किती हळुवारपणे बोलला म्हणून सांगू, जसं एखाद्या आजीला तिने चपला उलट्या घातल्यात हे सांगावं.

"बाईसाहेब, घाईत काही चुकलं का? तुमची अक्षरं ओ आणि पी. काही हरकत नाही, पुसून देतो." त्याने रुमालही काढला.

"पुसायचं नाही," ओझेलाबाई म्हणाल्या. "अक्षरं मानकरणीनं लिहायची ना? मी लिहिलीत."

रोशेलने अक्षरांकडे पाहिलं, मग बाईंकडे. "एफ कोण, मिस ओझेला?"

"फाउस्तिनो. टिनो."

"कोंबडीवाला टिनो?"

"तोच."

"अगबाई!" रोशेल म्हणाली आणि मान हलवून तिने मुखवटा खाली ओढला. "साहेब, जरा मागं सरका. डोळे जातील."

लेफ्टनंटच्या हातात रुमाल होता आणि तोंडात शब्द होता, पण ठिणगी पेटली तसा तो दोन पावलं मागे झाला. निळा उजेड भगभगला. पहिलं अक्षर लाल झालं, मग दुसरं. जळक्या लोखंडाचा वास पसरला. सारी गोदी त्या एवढ्याशा उजेडाकडे बघत होती आणि आता काही होण्यासारखं उरलं नव्हतं.

उजेड विझल्यावर बाई ध्वनिक्षेपकापाशी गेल्या. त्यांना फक्त ते एक वाक्य म्हणायचं होतं. त्यांनी आधी घसा खाकरला.

"मी शाळेतली वाढपीण. मला भाषण येत नाही. तुम्ही माझ्या वडिलांचं नाव या जहाजावर लिहिताय, अगदी सगळ्यांना दिसेल असं. त्यांना तीस वर्षं इथं कुणी नावानं हाक मारली नव्हती. तुमचे उपकार मी कसे फेडू? मला तर रात्रंदिवस देवाला काय सांगू आणि काय नको असं झालंय. पण माझे वडील एकटे नव्हते. ते शिडीवर होते. खाली धुरात आणखी एक जण उभा राहून नऊ माणसं त्यांच्या खांद्यावर देत होता. दहावा तो स्वतः होता. त्याला द्यायला खाली कुणी उरलं नव्हतं. त्याचं नाव फाउस्तिनो बालूयोत. आमच्या घरात सत्तर वर्षं जेवणाआधी त्याचे आभार मानतात. आता यामुळे तुम्हाला कागद पुन्हा तपासावे लागले तर तपासा. जहाजाचं नाव काढून घ्यावं लागलं तर तेही घ्या, मी तुम्हाला वाईट म्हणणार नाही. मी खाल्ल्या मिठाला जागले एवढंच. वरच्याचं नाव तुम्ही वर लिहिलंत. खालच्याचं मी खाली लिहिलं. त्याला तिथं उभं राहायची सवय आहे."

बाईंनी पदरासारखा खांद्यावरून घसरलेला रुमाल सावरला आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं.

"या जहाजाचा कणा खरेपणाने आणि नीट बसला आहे, असं मी जाहीर करते."

जीभ अडली नाही.

टाळ्या आधी मागून, कामगारांमधून सुरू झाल्या. मग टोप्या उठल्या. पांढरे गणवेश एकमेकांकडे बघत होते. त्यातला तो भाषण केलेला अधिकारी सगळ्यांच्या आधी उभा राहिला आणि त्याने हात कपाळाशी नेला. त्याने सलाम बाईंना केला की पत्र्याला, हे नीट कळलं नाही.

पायऱ्या उतरताना लेफ्टनंट मर्सरने वही काढली. "त्या गृहस्थांच्या आईचा पत्ता अजून आहे का तुमच्याकडे?"

"पाठ आहे. लहानपणी पाकिटावर मीच लिहायची."

"चौकशी उघडावी लागेल, बाईसाहेब. मीच उघडतो. शेवट काय होईल, ते आज नाही सांगता येणार."

"ठाऊक आहे मला," ओझेलाबाई म्हणाल्या. "उघडलीत, हेच पुष्कळ."

मागून रोशेल हातमोजे काढत आली. "नाव राहील, जाईल, ते वरचे बघतील. पण तो पत्रा आता निघायचा नाही हं. तो काढायचा तर जहाज कापायला लागेल."

*

दुपारी ओझेलाबाईंच्या मागच्या अंगणात, पेकनच्या झाडाखाली, टेबलं मांडली होती. चर्चच्या बायका टोप्या काढून पदार्थांचं माप काढत होत्या, रोशेल आपल्या नवऱ्याला घेऊन आली होती. चुलीवर आदल्या दिवसापासून मुरलेली कोंबडी रटरटत होती आणि घरभर व्हिनेगर आणि मिरीचा वास होता.

गाडीचं दार लिनेटने धाडकन लावलं होतं. घरी आल्यावरही कपाटातून ताटं काढली ती आदळतच. तिची बाजूही बाईंना कळत होती. आजोबांचा हात धरून गोदीच्या फाटकापर्यंत जाणारी आणि 'आमचे आजोबा जहाजं बांधतात' असं शाळेत सांगणारी हीच पोर होती. जहाज गेलं तर तिचंही जाणार होतं.

मक्याच्या पावासाठी बाईंनी ट्रे उचलला. सरावाचे ओ आणि पी त्याच्यावर तसेच होते, एकावर एक, अंड्यासारखे, भोपळ्यासारखे. त्यांनी नळ सोडला. पांढरं पाणी वाहून गेलं आणि पत्रा स्वच्छ झाला. त्यांनी त्याला लोणी फासलं आणि पीठ ओतलं.

बाहेर पाद्रीबुवा प्रार्थनेला उभे राहिले होते. त्यांनी नेहमीची प्रार्थना म्हटली, ज्या हातांनी रांधलं त्यांचे आभार मानले आणि आमेन म्हणायला तोंड उघडलं.

"आणि टिनोचे आभार," आत खिडकीपाशी आवाज आला.

लिनेट होती. कॉलेजात गेल्यापासून तिने ते शेपूट म्हणायचं सोडलं होतं. तीस वर्षं झाली असतील. ओझेलाबाईंनी मान वर करून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर दोघींनाही जड गेलं असतं.

लिनेट चुलीपाशी उभी राहून ताटं भरू लागली. भात, वर कोंबडी, वर डावभर रस्सा. पहिलं ताट तिने आईच्या हातात दिलं. तिचे डोळे लाल होते, कदाचित व्हिनेगरच्या वाफेने असतील.

"जा आई," ती म्हणाली, "पुढचं ताट तयार ठेवते."

ओझेलाबाई ताट धरून क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग दोन्ही हातांनी ते सांभाळत पायऱ्या उतरून अंगणात गेल्या.